फोटो दिला तसाच परत मिळावा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाचे फोटो खराब होत असल्याबाबत

महोदय,

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये आमचे दुकान आहे. मालाची यादी, दर आणि फोटो वर्षभर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. हिशेबाबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार फोटोंची आहे.

बाहेरगावचे गिऱ्हाईक फोटो मोठा करून चपलेची वेणी आणि वादीची शिलाई बघते, मगच ऑर्डर देते. आमच्या मोबाइलमधल्या फोटोत वादीचा एकेक टाका मोजता येतो. तोच फोटो तुमच्याकडून परत उतरवला की वेणीचे पदर एकमेकांत मिसळलेले, लाल गोंड्याभोवती चौकोनी डाग. ४ एमबीचा फोटो सव्वा एमबीचा होऊन येतो, उभा काढलेला आडवा पडतो. माझ्या मुलीने रात्री जागून ३६ फोटोंची पार्श्वभूमी काढून पारदर्शक पीएनजी केले होते. ते सगळे शून्य बाइटचे निघाले, आणि टाकताना प्रत्येक वेळी ‘फोटो सेव्ह झाला’ असाच संदेश आला होता!

फोन केला तर तुमच्या प्रतिनिधीने मोबाइल बदला म्हणून सांगितले. हे मला फार लागले. पुढच्या वेळी जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करणारा माझा भाचा बोलला. तेव्हा कळले, की तुम्ही फोटो इमेजआयओ या जावातल्या चित्रे वाचण्या-लिहिण्याच्या साधनाने वाचून त्याची बफर्डइमेज, म्हणजे मेमरीतले उलगडलेले चित्र, करता आणि पुन्हा जेपीजी लिहून बाइट अ‍ॅरे, म्हणजे बाइट्सची रांग, बनवता.

दुखणे इथेच आहे. बफर्डइमेजमध्ये रंगांचे ठिपके तेवढे उरतात; फोटो कसा फिरवून दाखवायचा ही मोबाइलने फाइलमध्ये केलेली नोंद गळते. जेपीजी लिहिताना वेगळे सांगितले नाही तर जावा १ पैकी ०.७५ दर्जा धरते. पारदर्शक चित्र जेपीजी म्हणून लिहायला दिले, तर हल्लीच्या जावात लिहिण्याची राइट मेथड एरर देत नाही, नुसते ‘फॉल्स’, म्हणजे लिहिले नाही, असे परत करते. ते तुम्ही तपासत नाही, म्हणून रिकामी अ‍ॅरे डेटाबेसमध्ये जाते.

अहो, फाइल मुळात बाइट्सचीच असते! साठवण्यासाठी तिचे चित्र करायचेच कशाला? जावा ७ पासून फाइल्स क्लासमध्ये फाइलचे सगळे बाइट्स जसेच्या तसे वाचणारी रीडऑलबाइट्स मेथड आहे. एका ओळीत वाचा, तसेच ठेवा, मागितले की तसेच द्या. यादीसाठी छोटा फोटो लागतो, तो वेगळा बनवा. मूळ फाइलला हात लावू नका.

ही दुरुस्ती १५ दिवसांत करून लेखी कळवावे. तोवर पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही. आणि आमच्या मूळ फाइली तुमच्या सर्व्हरवर कुठे बॅकअपमध्ये असतील तर आधी त्या शोधून द्या. तुमच्या भरवशावर आम्ही मोबाइलमधले बरेच फोटो पुसले. त्यातले काही जोड ज्या म्हाताऱ्या कारागिराने केले, त्याचे हात आता चालत नाहीत. जोड विकले गेले, त्यांचा दुसरा फोटो निघणार नाही.

आपला ग्राहक,
चप्पल व्यापारी, कोल्हापूर