मध्यस्थी शिकवायची तर आपल्या तंट्यांवर, आपल्या भाषेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जुलै २०२५ पासून नव्वद दिवस देशभर मध्यस्थीची मोहीम झाली. तालुका न्यायालयांपर्यंत ती पोहोचली आणि पक्षकारांच्या तोंडी 'मध्यस्थी' हा शब्द आला, हे चांगलेच झाले. पण मध्यस्थ तयार कसा होतो, त्याला शिकवतो कोण, याची चर्चा बेळगाव, खानापूर, निपाणी भागात होताना दिसत नाही. दिवाणी दावे चालवणारी वकील म्हणून मला ही उणीव फार जाणवते.

लोक अदालत, लवाद आणि मध्यस्थी आपल्याकडे एकाच पोत्यात घातले जातात. लवाद निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. लोक अदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते. पण तिथे एका दिवसात ढीगभर प्रकरणे असतात. मध्यस्थ मात्र निकाल देतच नाही. तो दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाशी स्वतंत्र बोलतो, आणि त्या खोलीतले बोलणे पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात ही गुप्तता आहे, १२० दिवसांची मुदत आहे, दोघांची संमती असेल तर आणखी ६० दिवस आहेत. म्हणजे ऐकून घ्यायला वेळ आहे. ऐकणारा हवा.

न्यायालयाला दावा मध्यस्थीकडे पाठवता येतो असे सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ जुलै २००२ पासून लागू आहे, बेंगळुरूचे मध्यस्थी केंद्र २००७ पासून चालू आहे. २०२० मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने मध्यस्थी हा विषय कायद्याच्या अभ्यासक्रमात सक्तीचा केला. पण आमच्याकडे काम शिकायला येणारी ज्युनियर मुले सांगतात ते ऐकले की वाईट वाटते. कलमे पाठ असतात, लवाद आणि मध्यस्थीतला फरक लिहिता येतो, पण समोरासमोर बसून एकही तंटा सोडवून पाहिलेला नसतो.

वाटाघाटी शिकवण्याची जगभर रुळलेली पद्धत तशी साधी आहे. तंट्याची हकीकत दोन्ही बाजूंना सारखी द्यायची, पण प्रत्येकाला एक वेगळा गुप्त कागद द्यायचा: तुला खरे काय हवे आहे, कुठवर मागे येता येईल. मग बोलू द्यायचे. शेवटी दोन्ही कागद उघडून कोणाचे काय ऐकायचे राहून गेले ते बघायचे. इंग्रजी पुस्तकांत असे प्रसंग कंपन्यांच्या करारांचे नाहीतर पगाराच्या बोलणीचे असतात. आपल्या मुलांना सामायिक विहिरीवरच्या मोटारीची पाळी द्या, कोरलेला बांध द्या, शेजाऱ्याच्या रानातून ऊस बाहेर काढायची वाट द्या.

सगळ्यांत अवघड बहिणीचा वाटा. कर्नाटकाने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ मध्येच दिला. केंद्राने २००५ मध्ये सगळ्याच मुलींना दिला, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही वाटणीच्या दाव्यात हमखास ऐकू येते, "मला जमीन नको हो, पण सही मागायला तरी दादानं दारात यायचं." नवखा मध्यस्थ यातले पहिले अर्धे वाक्य ऐकेल आणि हक्कसोड लिहून मोकळा होईल. मुरलेला माणूस तिला स्वतंत्र बैठकीत विचारेल: दादा आला असता तर खरेच सोडला असता का वाटा? की माहेर तुटेल या भीतीने नको म्हणताय? या दोन उत्तरांतून दोन अगदी वेगळे समझोते निघतात. असा कान तयार व्हायला सराव लागतो, आणि तो सराव इंग्रजीत होऊ शकत नाही.

सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजचे आपले पाहुणे तंटामुक्त गाव मोहिमेबद्दल सांगतात. महाराष्ट्राने ती १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केली. २०२३ च्या कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीसाठी तिघा मध्यस्थांची तरतूद आहे. गावातली माणसे गावातला तंटा मिटवतात याचे मला मनापासून कौतुक आहे. पण "मिटवा एकदाचं" असे चार वडीलधारे म्हणाले की दबते ती बहुधा जिच्यामागे कोणी नाही ती. दबाव ओळखून बैठक थांबवणे हेही मध्यस्थाचे काम, आणि तेही शिकवावे लागते.

आणखी एक. पक्षकार भांडतात मराठीत, समझोता लिहिला जातो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. सहीआधी तो ओळ न् ओळ मराठीतून वाचून दाखवलाच पाहिजे. यात कन्नडला विरोध नाही. इथे मराठी माणसाच्या बांधाला कन्नड माणसाचा बांध लागून असतो, म्हणून सराव दोन्ही भाषांत हवा. दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे व्हायचे ते होईल. भाऊबंदकीच्या दाव्यांनी तोवर थांबायचे कारण नाही.

हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाने मध्यस्थीच्या विषयात प्रत्यक्ष सरावाला लेखी परीक्षेइतके गुण द्यावेत आणि तो सराव मराठी किंवा कन्नडमध्ये करण्याची मुभा द्यावी, अशी माझी विनंती आहे. बेळगावातील विधी महाविद्यालयांनी बोलावले तर इथल्या तंट्यांवरचे सराव-प्रसंग मराठीत लिहून द्यायला आणि मुलांबरोबर बसायला मी तयार आहे.

आपली,
एक वकील वाचक, खानापूर (जि. बेळगाव)