अण्णांच्या कानाला हेडफोन लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अडखळत बोलतो याचा दोष आजवर सगळ्यांनी माझ्याच माथी मारला. लहानपणी वेखंड उगाळून चाटवलं, तोंडात खडे धरून बोलायला लावलं. एका डॉक्टरांनी मान वर न करताच 'आत्मविश्वास कमी आहे' म्हणून टॉनिक लिहून दिलं. प्रकट वाचनात माझी पाळी आली की एक सर सरळ मागच्या मुलाला उठवायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही. घरी अण्णांचं पालुपद, 'सावकाश बोल, घाबरतोस कशाला?' म्हणायचे मायेनेच, पण ऐकून जीव मेटाकुटीला यायचा.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या तुमच्या वाचा-उपचाराच्या खोलीत तुम्ही आधी माझ्याकडे वळलाच नाहीत. अण्णांना खुर्चीत बसवलंत, कानाला हेडफोन लावलात आणि घरचा पत्ता सांगायला लावलात. त्यांचाच आवाज त्यांना सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाने उशिरा ऐकू येत होता. उभा जन्म दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला माणूस, पण 'पंचवटीऽऽ-टी-टी'च्या पुढे जाईना. तुम्ही हसला नाहीत. मशीन बंद करून एवढंच विचारलंत, "काका, घाबरला होतात का?"

"नाही हो, जीभच वळेना."

"यालाही तसंच होतं."

ताई, हे एक वाक्य माझ्या बाजूने आजवर कुणीच बोललं नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं अण्णा आता दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. बोलताना मेंदू आपलाच आवाज ऐकून ताडत असतो, म्हणायचं होतं तेच निघालं का. आणि अडखळणाऱ्यांच्या मेंदूत ऐकण्या-बोलण्याची ही सांगड जरा वेगळी असते. १९५० साली बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने दाखवलं, की स्वतःचा आवाज उशिरा कानी पडला की चांगला बोलणाराही अडखळतो. नवल म्हणजे त्याच उशिराने माझ्यासारख्या अनेकांचं अडखळणं कमी होतं. चारचौघांच्या सुरात सूर मिसळला तरी ते कमी होतं. आरतीत माझी जीभ मोकळी कशी सुटते, ते तेव्हा कळलं.

अडखळणं पूर्ण जाईल असं तुम्ही खोटं सांगितलं नाहीत, याचेही आभार. परवा एक गिऱ्हाईक माझा शब्द पुरा करायला गेलं, तर अण्णा म्हणाले, "थांबा, त्याला बोलू द्या." समोरच्याचं बोलणं होईस्तोवर थांबणारी माणसं भेटली की किती बळ येतं, ते अडखळणाऱ्यालाच ठाऊक.

आता एक मागणं. आमच्या भागातल्या शाळेत शिक्षकांसमोर ते हेडफोन घेऊन एकदा याल का? मुख्याध्यापकांशी अण्णा बोलतील, मीही सोबत जाईन.

आपला,
पंचवटीचा पेशंट