प्रलयानंतरची सांगली वाळवंट कशी काय होईल?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर लेख आला होता, त्यात पोरं बिघडतात, डोळे जातात वगैरे नेहमीचंच होतं, त्यावर मला भांडायचं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. माझा भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे दोस्त मिळून एक गेम बनवतायत. अणुयुद्ध होऊन शंभर वर्षं झाली, बोटावर मोजण्याइतकी माणसं उरली आणि हिरो मिरजेतनं कराडला चालत निघालाय. कल्पना झकास आहे राव. पण स्क्रीनवर बघतो तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली वाळूच्या टेकड्या, काठावर दोन पुरुष उंचीचे निवडुंग, आभाळ पिवळंधमक. म्हटलं अरे ही सांगली आहे का अमेरिका?

पोरांचा तरी काय दोष म्हणा, झाडं-दगड-प्राणी असले तयार मॉडेल ऑनलाईन दुकानात विकत मिळतात, आणि प्रलय म्हणून सर्च मारलं की तिकडचंच वाळवंट पुढ्यात येतं. फॉलआउट नावाचा गेम 1997 साली आला तो कॅलिफोर्नियात घडतो, तिथं आधीपासूनच वाळवंट आहे, तिथं ते शोभतं. पण त्याचाच तिसरा भाग वॉशिंग्टनमधला, युद्धानंतर दोनशे वर्षांनी, तरी सगळीकडे वठलेली झाडं. दोनशे वर्षं? चेर्नोबिलची अणुभट्टी 1986 ला फुटली, जवळची पाईनची झाडं लाल होऊन मेली, आणि आज तिथं जंगल आहे, लांडगे आहेत, 1998 मध्ये आणून सोडलेली रानघोडी पण टिकलीत. किरणोत्सर्ग चांगला असं मी म्हणत नाही, माणूस हलला की रान किती पटकन जागा घेतं एवढंच म्हणतोय.

हवामानाचंही तसंच. 2007 साली शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशोब मांडला होता, भारत-पाकिस्तानात हिरोशिमाएवढे 100 बॉम्ब पडले तर 50 लाख टन काजळी वर जाईल, जगाचं तापमान सव्वा डिग्रीनं उतरेल, पाऊसमान घटेल, आपला मान्सूनही त्यात आला. म्हणजे पहिली काही वर्षं भयानक, उपासमारीची. पण काजळी वर कायमची राहत नाही, दहा-पंधरा वर्षांत बरीचशी खाली बसते. शंभर वर्षांनी जून महिन्यात ढग सह्याद्रीला धडकणारच की. मग महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशे पडला तरी लोक साखर वाटतात, हा फरक गेममध्ये नको का? खरा नकाशा इथंच आहे, पश्चिमेला चालाल तसं हिरवं गच्च, पूर्वेला चालाल तसा माळ.

आणि पूर्वेचं तर फार मजेशीर आहे. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ भागात आज जी द्राक्षं-डाळिंबं दिसतात ती बऱ्याच अंशी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांवर, पाणी विजेनं वर उचलायचं. लाईट गेली त्या दिवशी पंप बंद. दोन उन्हाळ्यांत बागा वाळणार, मग कुसळी गवत, वेडी बाभूळ, घाणेरी, आणि माळावर लांडगा, आपला खरा लांडगा, तो त्या गेममधल्यासारखा बर्फातला केसाळ नसतो, रोडका-भुरका असतो. इकडे नदीकाठी उसाचं काय होईल? सगळ्यांना वाटतं ऊस माजेल. कसला माजतोय, पाण्याच्या पाळीशिवाय खोडवा, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, किती वर्षं तग धरणार? आणि ऊस गेला की बिबट्याही जाणार बघा. आज तो उसात पिल्लं घालतो कारण आडोसा आहे आणि वस्तीवर कुत्री-शेरडं आहेत. माणूसच नाही तर त्याला इथं ठेवलंय काय, तो परत डोंगराकडे सरकेल. भाच्यानं मात्र प्रत्येक फडात तीन बिबटे ठेवलेत. त्यापेक्षा भिलवडी-औदुंबरच्या डोहात मगरी ठेव म्हणावं, त्या आजही आहेत आणि वाळू उपसा थांबल्यावर तर त्यांचं राज्यच.

वाळवंटासारखं काही दाखवायचंच असेल तर आमची क्षारपड रानं घ्या की. जास्त पाणी पाजून पाजून वाळवा, पलूस, मिरज भागात रानं पांढरी फटक पडलीत, उन्हात मिठासारखी चमकतात, कडेला वाळकं लव्हाळं. प्रलय यायचीही गरज लागली नाही. उलट गंमत अशी की पाणी द्यायला कोणी नसेल तर पावसानं धुऊन धुऊन हीच रानं हळूहळू सुधारतील.

पूर तर गेममध्ये पाहिजेच. 105 टीएमसीचं कोयना धरण, दारं उघडायला माणूस नाही, म्हणजे दर पावसाळ्यात भरून दारांवरनं पाणी पडणार, आणि शंभर वर्षांत दारं गंजून एखादं निखळलं तर? 2019 ला दारं उघडायला माणसं होती तरी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45. शहरात घराघराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्याच गेममध्ये वापरा, हिरोला पाणी कुठवर येतं ते कळेल. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद तेवढा प्रलयानं मिटेल बहुतेक.) आणि वर्षं मोजायला कॅलेंडर कशाला, कासच्या पठारावर टोपली कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, हिरोनं किती बहर बघितले त्यावरनं वय काढायचं.

आता मुख्य विनंती. माणूस उठल्यावर रान कसं होतं हे आपल्याकडं बघायला मिळतं, चांदोलीत. धरणासाठी, अभयारण्यासाठी झोळंबीसारखी गावं उठली, जिथं नाचणी-भात पिकायचं तिथं आता गवत आणि गव्यांचे कळप, घरांची जोती, आंबा-फणस तेवढे शिल्लक. त्या गावची म्हातारी माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत आहेत. बांधावर आधी काय उगवलं, विहिरीचं काय झालं, गवा पहिल्यांदा शेतात कधी उतरला, देवळाच्या छपरावर आधी वेल चढला का पिंपळ, हे ते लोक सांगू शकतील आणि ते कुठल्याच ऑनलाईन दुकानात मिळणार नाही. तेव्हा संपादक साहेब, पोरं बिघडल्याचे लेख खूप झाले, पुढच्या काही रविवारी या लोकांकडून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि छापा. जागा कमी पडली तर राशिभविष्य अर्धं करा.

आपला,
एक वाचक, पलूस, जि. सांगली