दोन पायऱ्यांपायी

नागपूर,
१४ मे

प्रिय मित्रा,

तुझ्या नव्या दवाखान्याचा नकाशा मिळाला. वर्ध्यात स्वतःची जागा घेतलीस, फार आनंद झाला. नकाशा दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा नजर रस्त्याकडच्या त्या दोन पायऱ्यांवर अडकली. इथे महाल भागातल्या माझ्या दवाखान्यालाही दोनच होत्या.

एक आजी दर महिन्याला माझ्याकडे यायच्या. बीपी, साखर, गुडघे. मग यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, मुलाने दुसरा डॉक्टर धरला असेल. वर्षभराने बडकस चौकात नातीचा हात धरून चाललेल्या दिसल्या. विचारलं तर संकोचून म्हणाल्या, "तुमच्या पायऱ्या मले चढवत नाही जी, डॉक्टरसाहेब. पोराले किती डाव म्हणू, धर मले?" वर्षभर तीच जुनी गोळी दुकानातून आणून खात होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, पाच फुटांत उतार काढून देतो. तो उतार स्कूटर चढवायचा झाला असता, माणसाचा नाही. एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. माझ्या दोन पायऱ्या मिळून एक फूट, म्हणजे बारा फुटांचा उतार. ओट्यासमोर एवढी जागाच नव्हती. शेवटी भिंतीच्या कडेने नेऊन मध्ये सपाट जागा ठेवली आणि वळवला. कठडा दोन्ही बाजूंना लाव. लकवा झालेल्या माणसाचा एकच हात धरतो. जाताना जो कठडा त्या हाताला येतो, तो परतताना पलीकडे जातो. आणि नकाशात लिहिलेल्या त्या चकचकीत टाइल्स कृपा करून रद्द कर. पाणी सांडलं की दिसत नाही, आणि उजेड पडला की मोतीबिंदूच्या डोळ्यांना जमीनही नीट दिसत नाही. संडासाचं दार बाहेर उघडणारं कर. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं.

आता कूलरबद्दल. आपल्याकडे मेमध्ये त्याच्याशिवाय कोणी बसू शकत नाही, पण त्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाला काय ऐकू येणार? वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ हरवतात. शब्द कानावर पडतो, पण कळत नाही. मग आपण ओरडतो, आवाज आणखी चिरका होतो आणि त्यांना वाटतं डॉक्टर रागावला. मी बोलताना कूलर दोन मिनिटं बंद करतो, समोर बसतो, तोंड दिसेल असं, खालच्या आवाजात, सावकाश. नंबरही कंपाउंडर दारातून हाक मारून सांगत नाही, जवळ जाऊन सांगतो.

याहून मोठी चूक मी वर्षानुवर्षं केली. सोबत आलेल्या मुलाशी बोलायचो. "यांना झोप लागते का? जेवतात का?" आणि आजोबा मध्ये बसून भिंतीकडे बघायचे. आता पहिला प्रश्न त्यांनाच, आणि उत्तराची वाट बघतो. मुलगा मध्येच बोलला तर हात करून थांबवतो. अशाच एका वाट बघण्यात एका आजोबांनी सांगितलं की पहाटे लघवीला उठताना दोनदा पडलो, घरी कोणाला बोललो नाही. झोपवून बीपी घेतलं, उभं करून घेतलं, वरचा आकडा तीसने उतरला. त्यांची बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी वेगवेगळ्या दोन डॉक्टरांनी लिहिलेली होती, आणि दोन्ही मिळून बीपी उतरवत होत्या. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक चूर्णही, शेजारणीने दिलेली गोळीही.

वेळेचंही बघ. साठीपुढच्यांना मी उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ बोलावतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी बाराला, त्यातून लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असताना, त्यांना रांगेत बसवणं मला बरोबर वाटत नाही. या दोन तासांत रुग्ण निम्मेच होतात, पैसेही कमी. पण एकेकाला पुरेसा वेळ मिळतो. सुरुवातीला हिशेब जुळवताना जड गेलं, आता हे बदलणार नाही. आणि नंबर लावायला साधा फोनही चालू ठेव. मोबाइलच्या अ‍ॅपवरून नंबर लावायची सोय कर, पण तेवढीच ठेवू नकोस.

त्या आजी परत आल्या. पहिल्या दिवशी उतार चढून आल्यावर कठड्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुळगुळीत केला जी."

एक काम कर. बाकड्यांची ऑर्डर देण्याआधी काकूंना दुकानात घेऊन जा. बैठक अठरा इंचांच्या आसपास उंच आणि हात असलेल्या खुर्च्या बघ, सोफा नको. त्यांना दहा मिनिटं बसव. उठताना हात देऊ नकोस, नुसतं बघ. मग मला फोन कर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
महालातला मित्र