यंदा गणपतीला कोणी येणार नाही

ती. आई-बाबांस, सा. न.

काकांना आणि पुण्याच्या मंडळींना मी कालच कळवलं, यंदा देवगडला येऊ नका. तुम्हाला न विचारता. बाबा, चिडाल, माहीत आहे. पण बाबांच्या या खपल्यांच्या खरजेची शेवटची गोळी गौरीच्या दिवशी पडते, आणि माजघरात ओळीने वीस अंथरुणं पडणार, सगळ्यांना लागण होईल. साध्या खरजेत अंगावर 10-15 किडे असतात, या खपल्यांच्या प्रकारात हजारो, कधी लाखोही. मूर्ती येईल, मोदक होतील, आरतीला मी आहेच.

आई, "खाजवते मी, माझ्यामुळेच झालं त्यांना," असं परत म्हणू नकोस. तुझं अंग धडधाकट आहे म्हणून ते बोंब मारतंय. सांध्यांच्या स्टिरॉइडने बाबांची प्रतिकारशक्ती दबलीय, म्हणून त्यांना खाजच नाही. आपण एक्झिमा समजलो. ते मलमही मीच कुरियरने पाठवलं होतं, त्यातही स्टिरॉइडच. अस्वच्छतेचा यात काही संबंध नाही, शेजारी काही का म्हणेनात.

आता ऐका. परमेथ्रिनचं मलम बाबांना रोज, 7 दिवस, डोक्यापासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा. आई, तूही पहिल्याच रात्री लावायचं, दोघांनी एकदम. तुझी खाज त्यानंतरही 2-4 आठवडे राहील, म्हणून मनाने पुन्हा पुन्हा चोपडू नकोस. बाबांची आयव्हरमेक्टिनची गोळी कागदावरच्या दिवशीच: उपचाराचा 1, 2, 8, 9 आणि 15वा दिवस. सांध्यांच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. भेगांतून पू आला, ताप आला, तर रात्री दोनलाही फोन करा.

या पावसात गोधड्या वाळायच्या नाहीत. धुऊ नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून 8 दिवस पडवीत ठेव, अंगाशिवाय ते किडे मरतात. झोपाळ्याची गादीसुद्धा. बाबा, मी नवी आणतेय, तुम्हाला लागते तशी कडकच. तोवर पेज खुर्चीवर बसून प्या.

माझ्या अंगावर पित्त उठलं की रात्रभर आमसुलाचं पाणी चोळत बसायचात तुम्ही. आता ते लावू नका हं, कडुलिंबही नको.

शनिवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघते. कणकवलीला घ्यायला येऊ नका, रिक्षा करते. आणि नखांना हात लावू नका बाबा, हातमोजे आणतेय, मीच कापीन.

तुमची,
सोनू