कर टाकीवर नको, धुरावर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिझेल मोटारींचे दिवस भरले, असा सूर आपल्या दैनिकात सध्या उमटतो आहे. माझं मिरजेत डिझेल पंप आणि नोझलचं गॅरेज आहे, त्यामुळे मी डिझेलचीच तळी उचलणार असं कुणालाही वाटेल. तसं नाही. हायब्रिड (इंजिनाला बॅटरीची जोड असलेली गाडी) आणि इलेक्ट्रिकपुढे डिझेल टिकेल का, याचं उत्तर इंजिनापेक्षा सरकारच्या करपत्रकात जास्त सापडतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्याकडे डिझेल मोटार पळाली ती पंपावरच्या भावाच्या जोरावर. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! शेतकरी आणि एसटीच्या नावानं स्वस्त ठेवलेलं इंधन बंगल्यासमोरच्या गाड्यांत जात होतं, आणि त्या सुमारास विकली जाणारी निम्म्याहून अधिक प्रवासी वाहनं डिझेलची होती. जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये दरावरचं नियंत्रणच उठवलं. आता मुंबईत हा फरक तेरा-चौदा रुपयांवर आला आहे. त्यात १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुरावर कडक मर्यादा घालणारं बीएस-६ लागू झालं आणि मारुतीनं डिझेल सोडलं. फियाटच्या आराखड्याचं १.३ लिटरचं इंजिन स्विफ्टमध्येही होतं आणि इंडिका व्हिस्टातही. आम्हा पंपवाल्यांची एक पिढी त्याच्यावर जगली.

बीएस-६ मध्ये डिझेल मोटारीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि कणांची २५ वरून साडेचारवर. हे चांगलंच झालं. काळा भपकारा सोडणारी नवी गाडी आता दिसत नाही. पण त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. त्यात साठलेली काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते, आणि ती गाडी हायवेवर एका लयीत पळाली तर सहज मिळते. बाजारपेठेत नाही. माझ्याकडे येणारे एक शिक्षक घर ते शाळा एवढ्यासाठीच डिझेल एसयूव्ही वापरतात. दर थोड्या दिवसांनी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ते गाडी घेऊन दारात हजर. इंजिन ठणठणीत असतं. त्यांना मी हायवेवर वीसेक मिनिटं गाडी काढून या म्हणतो, दिवा जातो. शोरूममध्ये त्यांना कुणी ‘रनिंग किती?’ हे विचारलंच नाही.

खरा प्रश्न तोच आहे. पेट्रोल गाडी लिटरला पंधरा आणि त्याच अंगाची डिझेल गाडी अठरा-एकोणीस ॲव्हरेज देते असं धरा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लावलं तर किलोमीटरला दोन रुपये वाचतात. डिझेलसाठी दीड लाख जास्त मोजले असतील, तर ते फिटायला पंचाहत्तर हजार किलोमीटर लागतात. महिन्याला तीन हजार पळणाऱ्या टूरिस्ट गाडीचे दोन वर्षांत वसूल. वर्षाला आठ-दहा हजार फिरणाऱ्या घरगुती गाडीचे वसूल व्हायच्या आत मालकाला नवी गाडी खुणावायला लागते. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन आंबा घाट चढायचा असेल, तर इंजिन हळू फिरत असतानाही मिळणारा डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आजही उजवा वाटतो. माझ्या ओळखीचे टूरवाले म्हणूनच हलत नाहीत. चार्जरपाशी आपला नंबर लागायची वाट बघत पाहुण्यांना चहा पाजत बसणं त्यांना परवडत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं ॲव्हरेज पडतं म्हणून डिझेलकडे वळलेलेही भेटतात. उसाच्या जिल्ह्यात राहून हे लिहिणं जरा जोखमीचं आहे!

गावातल्या फिरण्याला मात्र डिझेलला जागा उरलेली नाही, हे मी धंदा बाजूला ठेवून मान्य करतो. हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत घेते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते, म्हणून जितकी गर्दी तितका तिचा फायदा दिसतो. हायवेवर तो कमी होतो, कारण ब्रेकच लागत नाही. इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज केली, युनिटला दहा-बारा रुपये पडले आणि युनिटला सात किलोमीटर गेली, तर किलोमीटरचा खर्च दीड-पावणेदोन रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर तोच अडीच-तीन होतो. डिझेलचा पाच. या आकड्यांशी भांडण नाही. ज्याच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आहे आणि ज्याचं रोजचं जाणं-येणं ठरलेलं आहे, त्यानं दुसरा विचार करू नये.

आता कराकडे येतो. डिझेलचं एक लिटर जळालं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचं जळालं की २.३. अठराच्या ॲव्हरेजची डिझेल गाडी किलोमीटरला दीडशे ग्रॅम सोडते, वीसच्या ॲव्हरेजची पेट्रोल हायब्रिड ११५. इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर काहीच सोडत नाही, पण तिची वीज बहुतांशी कोळशाची. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम धरले आणि चार्जिंगमधली गळती मिळवली, तर तिचेही शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतात. म्हणजे आज तरी हायब्रिड आणि इलेक्ट्रिक एकमेकींच्या जवळ आणि डिझेल दोघींच्या मागे. सौर वीज वाढेल तशी इलेक्ट्रिक पुढे जाईल. शहरातल्या हवेपुरती तर ती आत्ताच पुढे आहे. हिशेब ढोबळ आहे, बॅटरी बनवतानाचा धूर मी धरलेला नाही; पण क्रम डोळ्यांसमोर यायला पुरेसा आहे.

करात हा क्रम कुठे दिसतो? सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर इलेक्ट्रिकवर जीएसटी पाच टक्के आहे. चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीवर अठरा. आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर चाळीस! नेक्सॉनचं डिझेल मॉडेल अठरात बसतं, ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या हायब्रिडला चाळीस भरावे लागतात. कमी धूर सोडणाऱ्या गाडीला दुपटीहून अधिक कर. त्यावर आपल्या राज्याचा वाहनकर: किमतीप्रमाणे पेट्रोलला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, इलेक्ट्रिकला माफी. हायब्रिडला वेगळा रकानाच नाही, ती पेट्रोलच्या ओळीत. उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही जाणाऱ्या गाडीला, नोंदणीकर माफ केला; आपल्याकडे तसं झालं नाही.

मी हायब्रिडला करमाफी मागत नाही. ‘हायब्रिड’ असं नाव दिसलं की सवलत, हा प्रकार आपण एकदा पाहिलेला आहे: सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांना छोटीशी बॅटरी जोडून माइल्ड हायब्रिड म्हटलं गेलं आणि हायब्रिड आणि विजेवरच्या वाहनांसाठी असलेल्या केंद्राच्या फेम योजनेतून त्यांना २०१७ पर्यंत अनुदान मिळालं. डिझेल जाळायला हरित अनुदान. इंधनाच्या किंवा तंत्राच्या नावावर कर ठरवला की कंपन्या नावं शोधतात.

त्यापेक्षा किलोमीटरला किती ग्रॅम, एवढंच बघावं. त्यासाठी नवं खातं उघडायला नको. प्रत्येक मॉडेलच्या प्रमाणपत्रासाठी ही मोजणी होतेच, वाहनांच्या चाचण्या घेणारी पुण्यातली एआरएआय ही संस्था ती करते, आणि कंपन्यांना लागू असलेली सरासरी इंधनखपतीची मर्यादाही ग्रॅममध्येच मोजली जाते.  करासाठी इलेक्ट्रिक गाडीच्या खात्यात विजेचेही ग्रॅम धरावेत, ते दरवर्षी आपोआप कमी होत जातील. वर्षाला पन्नास हजार किलोमीटर पळणारा टूरवाला डिझेल घेईल आणि त्याचा कर भरेल. माझ्या शिक्षकमित्राला शोरूममध्येच कळेल की त्याची गाडी त्याला कितीला पडणार आहे. जीएसटी केंद्राच्या हातात आहे, पण वाहनकर राज्याचा. येत्या अर्थसंकल्पात निदान त्या तक्त्यात ग्रॅमचा एक रकाना घालावा, असं परिवहन मंत्र्यांना आपल्या दैनिकानं सुचवावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक गॅरेजवाला वाचक, मिरज