जिम अ‍ॅबट, तुमचे मनापासून आभार

आदरणीय जिम अ‍ॅबट यांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासारखाच आमचा मुलगाही जन्मतःच उजव्या पंजाविना आहे. तो बेसबॉल खेळायचं म्हणाला, तेव्हा क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा आईबापांना एकच प्रश्न पडला: डाव्या हाताने चेंडू टाकला, तर लगेच परत आलेला चेंडू अडवायचा कशाने? उत्तर तुम्ही पिचर (चेंडू टाकणारे) असतानाच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफितींत सापडलं.

टाकताना ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर नुसता टेकवलेला. चेंडू सुटला की डावा पंजा झटकन ग्लोव्हमध्ये. चेंडू अडवला की ग्लोव्ह उजव्या हाताने छातीशी दाबायचा, डाव्याने चेंडू काढायचा आणि फेकायचा. फ्लिंटमध्ये लहानपणी तुम्ही भिंतीवर चेंडू मारमारून हे अंगवळणी पाडलंत. आता आमच्या गॅरेजच्या भिंतीची तीच गत आहे! तुम्हाला अडचणीत आणायला समोरचे फलंदाज मुद्दाम बंट करत, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ ढकलत, हे कळल्यापासून तो मला बंटच करायला लावतो.

1988 मध्ये सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून तुम्ही जपानला हरवलंत. पुढच्याच वर्षी, मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, एकही सामना न खेळता, थेट मेजर लीगच्या एंजल्स संघाकडून मैदानात उतरलात. 4 सप्टेंबर 1993 ला तर यँकीज संघासाठी क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर! अख्ख्या सामन्यात त्यांना एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, मिळाली नाही. त्याच क्लीव्हलँडने तुमच्या त्याआधीच्या सामन्यात सात धावा वसूल करून तुम्हाला नऊपैकी चौथ्या इनिंगमध्येच बाहेर घालवलं होतं.

पण माझे खरे आभार 1996 साठी आहेत. दोन विजय, अठरा पराभव. त्या वर्षी टीका झाली ती तुमच्या चेंडूंवर, आणि एका पिचरवर होते तशीच झाली. माझ्या मुलाच्या वाट्यालाही हेच यावं असं मला वाटतं; चुकला तर चुकला म्हणावं, उगाच टाळ्या नकोत. मग 1998 मध्ये तुम्ही व्हाइट सॉक्स संघाकडून परतलात आणि पाचही सामने जिंकलात. ते वर्ष त्याला तोंडपाठ आहे.

खेळत असताना जिथे जाल तिथे अशी मुलं तुम्हाला भेटायला येत, आणि तुम्ही त्यांना वेळ देत असा. त्या सगळ्या आईवडिलांच्या वतीनेही हे आभार.

तुमची ऋणी,
मिशिगनमधली एक मराठी आई